संस्थेची वही कुणाच्या नावावर?

छोट्या संस्था, मोजका खर्च : भाग ५

देणगी म्हणून आलेल्या जुन्या संगणकांचं काय करायचं, ते गेल्या भागात पाहिलं. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा यंत्रांवर लिनक्स मिंट आणि लिब्रेऑफिस घातलं, तर परवान्यावर एक रुपयाही खर्च न करता ती आणखी काही वर्षं चालतात. यंत्राचं झालं. या भागात त्यात ठेवायच्या माहितीकडे वळू.

दोन-तीन पगारी कार्यकर्ते, पाच-सात विश्वस्त आणि वर्षाकाठी दहा-पंधरा लाखांची उलाढाल, अशा संस्थेत माहिती कुठे असते? सभासदांची यादी सचिवांच्या लॅपटॉपमध्ये, देणग्यांचा हिशेब कोषाध्यक्षांच्या एक्सेलमध्ये, शिबिरांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या चार ग्रुपवर आणि वेबसाइटचा पासवर्ड ती करून देणाऱ्या मुलाकडे. सचिव बदलले की यादी गेली. मुलगा नोकरीला बंगळुरूला गेला की वेबसाइट गेली. नवं सॉफ्टवेअर घेऊन हे दुखणं बरं होत नाही, कारण चांगली साधनं आज बहुतेक फुकट मिळतातच. ती संस्थेच्या नावावर घेणं आणि त्यांत एकाच पद्धतीने नोंद ठेवणं, एवढंच राहून जातं. त्याला फारसे पैसे लागत नाहीत, शिस्त लागते.

खातं माणसाचं नको, पदाचं हवं

एखाद्या विश्वस्ताच्या वैयक्तिक जीमेलवर संस्थेचं काम चालत असेल, तर त्यातली प्रत्येक फाइल व्यवहारात त्या विश्वस्ताचीच असते. त्यात आणखी एक धोका आहे. सलग दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने डिसेंबर २०२३पासून लागू केलं आहे. माजी अध्यक्षांच्या नावे उघडलेलं आणि नंतर कुणीच न पाहिलेलं खातं त्यात सहज सापडू शकतं, आणि त्याबरोबर जुने अहवाल आणि फोटोही.

म्हणून पहिला खर्च डोमेनचा करावा. वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये. मात्र बिल संस्थेच्या नावाने हवं आणि नोंदणीत वेबसाइट करणाऱ्याचा नव्हे, संस्थेचा ईमेल हवा. डोमेन हाती आलं की ‘गूगल फॉर नॉनप्रॉफिट्स’ या योजनेत अर्ज करता येतो. नोंदणीची कागदपत्रं तपासून पात्र संस्थांना ईमेल, ड्राइव्ह आणि मीटिंगची सोय विनामूल्य मिळते. शाळा, रुग्णालयं आणि सरकारी संस्था या योजनेत बसत नाहीत. शाळांसाठी गूगलचीच वेगळी योजना आहे. मायक्रोसॉफ्ट आणि कॅन्व्हा यांच्याही धर्मादाय संस्थांसाठी सवलती आहेत, पण सगळीकडे एकदम अर्ज करू नका. एक घ्या आणि ते नीट वापरा.

ईमेलचे पत्ते पदाच्या नावाने काढावेत: सचिव, कार्यालय, देणगी. कार्यकारिणी बदलली की पासवर्ड बदलायचा, पत्ता तोच राहतो. ड्राइव्हमध्येही एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘माय ड्राइव्ह’मधली फाइल ती तयार करणाऱ्याची असते, ‘शेअर्ड ड्राइव्ह’मधली संस्थेची. कार्यकर्ता काम सोडून गेला आणि त्याचं खातं बंद केलं, तरी शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइली जागच्या हलत नाहीत.

ओटीपीचा प्रश्नही इथेच सोडवून टाकावा. संस्थेच्या नावाने एक सिम घ्यावं, ते साध्या फोनमध्ये घालून कार्यालयात ठेवावं आणि बँक, आयकर पोर्टल, एनजीओ दर्पण, डोमेन अशा सगळ्या ठिकाणी तोच क्रमांक द्यावा. फेसबुक पेजवर पूर्ण अधिकार असलेल्या व्यक्ती किमान दोन असाव्यात.

नोंद जिथली तिथे

आता प्रत्यक्ष नोंदी. बऱ्याच संस्थांत कार्यकर्ता गावात कागदावर लिहितो, कार्यालयात कुणी तरी ते टंकतो आणि अहवालाच्या वेळी तिसरा माणूस पुन्हा आकडे जुळवत बसतो. एकच माहिती तीनदा हाताळली, की तीन ठिकाणी चुकते.

गूगल फॉर्म सोपा आहे, पण त्याला नेटवर्क लागतं. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काम करणाऱ्यांनी कोबोटूलबॉक्स पाहावं. हार्वर्ड विद्यापीठाच्या मानवतावादी कार्यासंबंधीच्या उपक्रमातून हे साधन पुढे आलं. सामाजिक संस्थांसाठी त्याची विनामूल्य योजना आहे. महिन्याला किती फॉर्म भरता येतात याला मर्यादा असली, तरी छोट्या संस्थेचं काम तेवढ्यात भागतं. अँड्रॉइड फोनवर कोबोकलेक्ट हे अ‍ॅप घेतलं, की नेटवर्क नसतानाही मराठी फॉर्म भरता येतो, फोटो आणि ठिकाणाची नोंद जोडता येते. तालुक्याला परतल्यावर सगळं एकदम पाठवता येतं. मुलाचं वय ५० लिहिलं तर फॉर्म ते स्वीकारत नाही; ‘गर्भवती आहे का’ला ‘हो’ म्हटलं तरच पुढचे प्रश्न उघडतात. निम्म्या चुका तिथल्या तिथे टळतात.

याच्या पुढची साधनं भारतातच घडली आहेत. त्याच कुटुंबाकडे वर्षभर पुन्हा पुन्हा जावं लागणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी ‘अवनी’, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून हजारो लोकांशी आखीव संवाद साधण्यासाठी ‘ग्लिफिक’. दोन्ही मुक्त स्रोत आहेत. पण सॉफ्टवेअर मुक्त असलं, तरी ते चालवायला सर्व्हर आणि जाणकार माणूस लागतो, आणि तो खर्च दर वर्षी येतो. कोबो किंवा साधं स्प्रेडशीट अपुरं पडू लागलं, तरच या वाटेला जावं.

गावाचं नाव आणि गावाचा कोड

यादी बिघडते कुठे, हे पाहायचं तर ‘गाव’ हा एकच रकाना उघडून बघा. एकाने ‘वडगाव बु.’ लिहिलं, दुसऱ्याने ‘वडगांव (बु)’, तिसऱ्याने ‘वडगाव बुद्रुक’. माणसाला गाव एकच दिसतं, संगणक मात्र तीन गावं मोजतो. उलटही होतं. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. तालुका-जिल्हा न लिहिता नुसतं ‘खेड’ लिहिलं, तर दोन जिल्ह्यांची माणसं एका आकड्यात जातात.

यावर इलाज आहे आणि तो सरकारनेच करून ठेवला आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड दिलेला आहे. शाळांसाठी ११ अंकी यूडायस क्रमांक आहे. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढचे दोन जिल्ह्याचे, त्यापुढचे दोन तालुक्याचे, मग तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. शाळेचं नाव कुणी कसंही लिहो, क्रमांक बरोबर असला की नोंद योग्य जागी बसते. कार्यकर्त्याला हे कोड पाठ करायला लावू नका. फॉर्ममध्ये गावं आणि शाळा टाइप करायची सोय ठेवूच नये. यादीतून निवडायला द्यावं आणि कोड त्या यादीमागे जोडून ठेवावा.

दुसरी अडचण फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की अगम्य चिन्हं दिसतात. तिच्यात शोधताही येत नाही आणि ती अकारविल्हे लावताही येत नाही. नव्या नोंदी युनिकोडमध्येच कराव्यात. त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही. फोनवरचा मराठी कीबोर्ड आणि बोलून टंकायची सोय युनिकोडच देते. पत्रकांसाठी देखणा फॉन्ट हवा असेल, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता आणि बालू हे युनिकोड फॉन्ट विनामूल्य मिळतात.

पावतीची यादी रोज, मे महिन्यात नव्हे

८०जीची मान्यता असलेल्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये भरावं लागू लागलं. मुदत ३१ मेची. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. या विवरणानंतर मिळणारं १०बीई प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय देणगीदाराला करसवलत मागता येत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू होत असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक आपल्या सीएंकडून तपासून घ्यावेत. माहिती मात्र जवळपास हीच लागते: देणगीदाराचा पॅन किंवा आधार, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार, कशी मिळाली आणि रक्कम.

मे महिन्यात पावती पुस्तक उघडून प्रत्येक देणगीदाराला पॅनसाठी फोन करणाऱ्या कोषाध्यक्षांचे हाल सगळ्यांनी पाहिले असतील. त्याऐवजी हेच रकाने १ एप्रिललाच एका शीटमध्ये आखून ठेवावेत. त्यात पावती क्रमांक आणि तारीख जोडावी. पावती फाटली, की त्याच दिवशी ओळ भरावी. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ८०जीची सवलत मिळत नाही, हे पावती देतानाच सांगावं आणि यूपीआयचा क्यूआर कोड पुढे करावा. तो कोड संस्थेच्या बँक खात्याचा असावा, कोषाध्यक्षांच्या नव्हे. ही एक शीट नीट राहिली, तर सीए, विश्वस्त मंडळ आणि आयकर विभाग या तिघांनाही तिच्यातूनच उत्तर देता येतं.

तीन प्रती आणि थोडा संकोच

आयकर नियमांनुसार धर्मादाय संस्थांना हिशेबाची पुस्तकं संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून १० वर्षं जपावी लागतात. तेवढ्या काळात एक तरी हार्डडिस्क बिघडणारच. म्हणून माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात: एक ड्राइव्हवर, एक कार्यालयातल्या संगणकात आणि एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, तीही कार्यालयाबाहेर, एखाद्या विश्वस्ताच्या घरी. दर तिमाहीला त्या डिस्कवरची एक फाइल प्रत्यक्ष उघडून पाहावी. न उघडलेली प्रत आहे, असं समजू नये.

जितकी माहिती जास्त, तितकी जबाबदारीही जास्त. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये संमत झाला. त्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. लाभार्थ्यांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याची सवय आजच सोडावी. प्रत घ्यावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारं ‘मास्क्ड’ आधार घ्यावं. जी माहिती कुठल्याच अहवालात वापरत नाही, ती विचारूच नये.

एवढं वाचून पासवर्ड बदलायला धावू नका. विश्वस्तांच्या पुढच्या सभेत एक छोटा ठराव मांडा: संस्थेच्या सर्व खात्यांची यादी, प्रत्येकाचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक, आणि ते संस्थेच्या नावावर आणायची तारीख. ठराव इतिवृत्तात नोंदवा आणि जबाबदारी दोन जणांवर द्या, एकावर नको. संस्था विश्वस्तांपेक्षा जास्त जगावी अशी आपली इच्छा असते. मग तिची वही तिच्याच नावावर असली पाहिजे.

पुढच्या आठवड्यात : कमी खर्चात हिशेब ठेवण्याची सॉफ्टवेअर.