टोलनाक्यावरची कोंडी आणि संवादी वाहने

टोलनाक्यावरची कोंडी केवळ पैसे घेण्याच्या वेळेमुळे होत नाही. नाक्याच्या अलीकडे रस्ता रुंदावतो, तीन लेनच्या आठ-दहा होतात आणि पलीकडे पुन्हा तीनच उरतात. या थोड्याशा अंतरात चालकाला वेग उतरवायचा असतो, लेन निवडायची असते आणि शेजारून घुसणाऱ्या गाडीवरही लक्ष ठेवायचे असते. ऐनवेळी लेन बदलणारा ट्रक किंवा अचानक थांबलेली मोटार इथे अपघाताला निमित्त होते.

पैसे भरण्याचा प्रश्न फास्टॅगने बराच सोडवला. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला. मात्र काचेवरच्या त्या पट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरच्या रीडरच्या रेडिओलहरी पोहोचल्या की ती आपली ओळख कळवते, एवढेच तिचे काम. कोणत्या लेनमध्ये रांग कमी आहे, हे ती चालकाला सांगू शकत नाही.

त्यासाठी गाडी आणि रस्ता यांच्यात दुतर्फा संवाद लागतो. अशा गाडीतील यंत्र आपले स्थान, वेग आणि दिशा सेकंदाला सुमारे १० वेळा प्रसारित करते. रस्त्याकडेचे यंत्र काहीशे मीटरच्या टप्प्यातले हे संदेश टिपते. त्यांना कॅमेरे आणि सेन्सरची माहिती जोडून संगणक प्रत्येक लेनमधील रांगेचा अंदाज बांधतो आणि योग्य लेन व वेग गाडीतल्या पडद्यावर पाठवतो. सगळ्यांना एकच मोकळी लेन सुचवली, तर कोंडी फक्त तिथे सरकेल. म्हणून गाड्या निरनिराळ्या लेनमध्ये वाटून द्याव्या लागतात. नाका ओलांडल्यावर लेन कमी होतात, तिथेही कोणी किती वेगाने पुढे यावे हे सुचवता येते.

जपानमध्ये इलेक्ट्रॉनिक टोलवसुली २००१ मध्ये देशभर सुरू झाली. त्याआधी तिथल्या द्रुतगती मार्गांवरच्या कोंडीपैकी सुमारे ३० टक्के कोंडी टोलनाक्यांवर होत असे. पुढे आलेल्या ‘ईटीसी २.०’ मध्ये रस्त्याकडेची यंत्रे चालकाला पुढील कोंडी आणि अडथळ्यांची सूचनाही देतात. अमेरिकेत टॅम्पा शहरातील सेल्मन या टोल मार्गावर याच तंत्राची चाचणी झाली. मार्ग संपतो तिथे सकाळी गाड्यांची रांग लागे. मागून येणाऱ्या चालकाला वेग कमी करण्याचा इशारा गाडीतील आरशावरच दिसे.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. मोजक्याच गाड्यांत यंत्र असेल, तर रांगेचा अंदाज कच्चा राहतो आणि सूचना थोड्यांनाच मिळते. खोटे संदेश रोखण्यासाठी प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी लागते. गाडीचा माग काढता येऊ नये म्हणून तिची सांकेतिक ओळख वरचेवर बदलावी लागते.

सर्व गाड्यांत अशी यंत्रे बसायला वेळ लागेल. तोवर हीच माहिती नाक्याच्या किलोमीटरभर आधी मोठ्या इलेक्ट्रॉनिक फलकावर दाखवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. लेन निवडण्याचा निर्णय जितका आधी होईल, तितका नाका सुरक्षित राहील.