रंगफवारणीची घरगुती खोली

लोखंडी अवजार पावसाळ्यांत गंजतें आणि गंजलेलें अवजार म्हणजे पाण्यांत गेलेला पैका, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. ब्रशनें रंग देण्यास वेळ फार लागतो व सांध्यांत तो पोंचत नाहीं. म्हणून पुष्कळ शेतकरी बंधु लहानसा कॉम्प्रेसर व रंगाची बंदूक घेऊन हें काम घरच्या पडवींत उरकतात. या कामास जागा कशी असावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

या कामाचा मोठा पसारा पाहावयाचा असेल तर गणपतीपूर्वीं महिना-दोन महिने परळ-लालबागेंत जावें. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत सन १८९३ मध्यें सार्वजनिक उत्सव सुरू झाला. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ सालची. तेथील मांडवांतून आज पंधरा-वीस फूट उंचीच्या मूर्ति रंगतात. परांचीवर कारागीर, खालीं कॉम्प्रेसर, आणि भोंवतीं पत्रे व प्लॅस्टिकचें कापड. पाऊस आंत येऊं नये व ओल्या रंगावर धूळ बसूं नये, म्हणून मांडव चोहों बाजूंनीं झांकावा लागतो. मूर्तीच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. परंतु फवाऱ्यांतला बराच रंग वस्तूवर न बसतां धुक्यासारखा तरंगतो, आणि बंद मांडवांत तें धुकें कारागिराच्या छातींत जातें. शिवाय मूर्तीचे रंग पुष्कळसे पाण्यांत कालवावयाचे असतात. अवजारांच्या एनॅमल रंगास थिनर लागतो. त्या मांडवाची हुबेहूब नक्कल घरीं केली, तर थिनरची वाफ कोंडून एका ठिणगीनें ती पेटेल.

तेव्हां धूळ अडविणें हा या खोलीचा दुय्यम हेतु होय. मुख्य हेतु शेतकऱ्यास ठाऊकच आहे : औषध फवारतांना वारा पाठीवर घ्यावा. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या फवारणींत विषबाधा होऊन २० हून अधिक माणसें दगावलीं, हें आपण विसरलों नाहीं. शेतांत वारा मिळेल तसा घ्यावा लागतो. खोलींत तो पंख्यानें निर्माण करावयाचा, एवढाच भेद.

बांधणी अशी करावी. सहा फूट रुंद, सहा फूट उंच व आठ फूट खोल असा लोखंडी सांगाडा उभारून तीन बाजू व माथा पत्र्यानें झांकावा. समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवावी. प्लॅस्टिक व गोणपाट वापरूं नये. तीं पेट घेतात. मागील भिंतींत रंग धरणारी गाळणी बसवून तिच्यामागें पंखा लावावा. समोरून आंत येणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला सुमारें १०० फूट असावा. तोंडाचें क्षेत्र ३६ चौरस फूट, म्हणून पंख्यानें मिनिटाला ३,६०० घनफूट, म्हणजे तासाला सुमारें ६,१०० घनमीटर हवा ओढली पाहिजे. गाळणीच्या अडथळ्यानें ओढ घटते, सबब पंखा थोडा मोठाच घ्यावा. पंख्याची मोटार वाफेच्या प्रवाहांत येतां कामा नये. ती बाहेर बसवून पट्ट्यानें पातें फिरवावें. दिवा, बटणें व कॉम्प्रेसर हीं बाहेर स्वच्छ हवेंत असावीं. बाहेर पडणारी हवा गोठा, विहीर व स्वयंपाकघर यांपासून दूर सोडावी.

रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं एक परीक्षा करावी. पंखा चालू करून पेटती उदबत्ती तोंडाशीं वर, खालीं व दोन्ही कडांना धरावी. धूर सर्वत्र गाळणीकडे वळला तर खोली साधली. कोठें माघारा फिरला तर तेथें दोष आहे. परीक्षा संपतांच उदबत्ती पाण्यांत विझवावी. रंग देतांना अवजार गाळणीच्या बाजूस ठेवावें व आपण उघड्या तोंडाशीं उभे राहावें. पंखा काम संपल्यावरहि कांहीं वेळ चालूं द्यावा.

तोंडावर बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाहीं. कोळशाची डबी असलेला मुखवटाच हवा. मोटारींस देतात तो हार्डनर मिसळावयाचा रंग मात्र घरीं मुळींच फवारूं नये. त्यांतील आयसोसायनेट द्रव्यानें कायमचा दमा जडतो. रंगानें भिजलेल्या गाळण्या व चिंध्या ढीग करून ठेवूं नयेत. ओली गंजी आंतून तापते, तशाच त्या तापून आपोआप पेटतात. त्या पाण्यांत बुडवून मग टाकाव्या.

इतका खर्च एकट्यास झेपत नसेल तर चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून एक खोली बांधावी. अवजारें वर्षांतून एकदांच रंगवावयाचीं असतात. तेंहि शक्य नसेल तर उघड्या अंगणांत ब्रशनेंच रंग द्यावा. त्यांत चार दिवस अधिक जातील. परंतु नांगर पुन्हां मिळतो, छाती पुन्हां मिळत नाहीं.