चुलीपुढची घाई आणि तणसाची पेटी

रोवणीचे दिवस, ओले सरपण, डोळ्यांत धूर. भात उतरला तरी वैलावरची डाळ शिजता शिजत नाही, आणि बांधीवर जायला उशीर होतो. अशा वेळी ‘शांत चित्ताने रांधा’ असे सांगणारा माणूस बहुधा आयते जेवणारा असतो!

भगिनींनो, ही घाई खरी सरपणातून येते. नागझिऱ्याभोवतीच्या गावांत तर सरपण म्हणजे जिवाशी गाठ. १९७० साली हे जंगल अभयारण्य झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, बिबट, अस्वल यांच्या रानात मोळीसाठी वाकलेली बाई सुरक्षित कशी म्हणावी? २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरी गॅस आला. पण टाकी संपली की पुन्हा चूल आहेच.

एक गोष्ट ध्यानात घ्या. पाण्याला उकळी फुटली की ते त्याहून अधिक तापत नाही. मग जाळ कितीही वाढवा, डाळ लवकर शिजत नाही. लाकूड मात्र जळते. म्हणून उकळीची ऊब कोंडून ठेवायची, आणि ते काम आपल्या धानाचे तणस छान करते.

घरधन्याकडून एक लाकडी खोके मागून घ्या. मोठी टोपलीही चालेल. तळाशी व कडेने वीतभर कोरडे तणस दाबा. मध्ये गंज बसेल एवढी जागा ठेवा. वर झाकायला जुन्या लुगड्याची तणस भरलेली उशी शिवा.

भाताला पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घाला. उकळी आल्यावर पाच मिनिटे थांबा, घट्ट झाकण लावा आणि गंज पेटीत ठेवून पाऊण तास विसरून जा. तुरीची डाळ आधी तासभर भिजवा, पंधरा मिनिटे उकळा, मग दोन तास पेटीत. फोडणी देताना पुन्हा खळखळून उकळी आणा. गंज निदान पाऊण भरलेला हवा; अर्ध्या गंजात ऊब टिकत नाही. मध्येच झाकण उघडून पाहू नका. बुडाला निखारा चिकटला नाही ना, हे मात्र दर खेपेस पाहा, आणि पेटी चुलीपासून दूर ठेवा. अन्न रात्रभर आत ठेवू नका, नासेल.

तेवढ्या वेळात चूल विझलेली, धूर गेलेला. आता भाजी निवडा, लेकराला जवळ घ्या, किंवा नुसत्या बसा! पहिल्या दिवशी भात कणीदार राहिला, तर दुसऱ्या दिवशी पाणी वाढवू नका. उकळी दोन मिनिटे अधिक द्या.