‘जेव्हा’ आणि ‘केव्हा’ : इंग्रजी गौणवाक्यांतील ‘विल’चा उपयोग

उच्च प्राथमिक वर्गांतील इंग्रजीच्या वह्या तपासताना एक चूक शिक्षकांना वारंवार आढळते. ‘जेव्हा पाऊस येईल, तेव्हा आम्ही घरी थांबू’ हे वाक्य इंग्रजीत लिहावयास सांगितले असता विद्यार्थी ‘व्हेन इट विल रेन, वुई विल स्टे ॲट होम’ असे लिहितो. शिक्षक पहिल्या ‘विल’खाली तांबडी रेघ ओढतात, शुद्ध वाक्य पाच वेळा लिहावयास लावतात, आणि पुढील आठवड्यात तीच चूक पुन्हा समोर येते. विद्यार्थ्याला आपण अभ्यासात कच्चे आहोत असे वाटू लागते व इंग्रजीविषयी त्याच्या मनात भय बसते. वस्तुतः ही चूक निष्काळजीपणाची नाही. ती कोठून येते हे शिक्षकांनी ओळखल्यास तिचे निवारण विद्यार्थ्याच्या मातृभाषेतूनच करता येते.

मराठी मिश्रवाक्यात क्रिया भविष्यकाळी घडावयाची असेल, तर प्रधानवाक्य व गौणवाक्य या दोहोंतही भविष्यकाळाचे रूप चालते. ‘जेव्हा गाडी येईल, तेव्हा आपण निघू’ या वाक्यात ‘येईल’ आणि ‘निघू’ ही दोन्ही रूपे भविष्यार्थी आहेत. नागपूरच्या मुलांच्या कानांवर हिंदीही सदैव पडते, आणि तेथेही ‘जब गाडी आएगी, तब हम निकलेंगे’ अशीच रचना आहे. दोन परिचित भाषा ज्या गोष्टीला शुद्ध म्हणतात, ती तिसऱ्या भाषेतही शुद्ध असावी असे विद्यार्थ्याने मानले, तर त्याचा तर्क चुकला असे म्हणता येत नाही. त्याने नियम पाळला, परंतु तो नियम मराठीचा होता.

इंग्रजीची रीत निराळी आहे. मराठीत ‘येईल’ हे क्रियापदाचे स्वतःचे रूप आहे. इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचे असे स्वतंत्र रूप नाही. ते काम ‘विल’ या सहायक क्रियापदाकडून करून घ्यावे लागते. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ ‘इच्छिणे’ असा होता. पुढे इच्छेवरून भविष्याविषयीच्या विधानाचा अर्थ त्यास आला. म्हणून बोलणारा भविष्याविषयी काही विधान करतो, तेव्हा तो ‘विल’ योजतो. ‘आम्ही घरी थांबू’ हे विधान आहे. तेथे ‘विल’ हवे. ‘जेव्हा पाऊस येईल’ या भागात मात्र पाऊस येणार असे भाकीत केलेले नाही. थांबण्याची वेळ तेवढी सांगितली आहे. अशा कालवाचक व संकेतार्थी गौणवाक्यात इंग्रजी साधा वर्तमानकाळ योजते : ‘व्हेन इट रेन्स, वुई विल स्टे ॲट होम.’ भविष्याचा अर्थ प्रधानवाक्यातील ‘विल’ने एकदा सांगितला, तेवढा पुरे होतो.

‘भविष्यासाठी वर्तमानाचे रूप कसे?’ असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर त्याच्याच तोंडी आहे. ‘पाऊस आला तर शाळा लवकर सुटेल’ असे तो रोज बोलतो. येथे ‘आला’ हे रूप भूतकाळाचे आहे, पण पाऊस अजून आलेला नाही. संकेतार्थी वाक्यात क्रियापदाचे रूप एका काळाचे व अर्थ दुसऱ्या काळाचा, ही गोष्ट मराठीलाही अपरिचित नाही. मराठी अशा ठिकाणी भूतकाळाचे रूप उसने घेते, इंग्रजी वर्तमानकाळाचे घेते, एवढाच भेद. हे फलकावर शेजारी शेजारी लिहून दाखविल्यास इंग्रजीचा नियम मुलांना विचित्र वाटत नाही.

आता दुसरी अडचण. नियम शिकलेला विद्यार्थी ‘व्हेन’ दिसताच सर्वत्र ‘विल’ गाळू लागतो. ‘गाडी केव्हा येईल हे मला ठाऊक नाही’ याचे इंग्रजी ‘आय डू नॉट नो व्हेन द ट्रेन विल कम’ असेच होते. येथे ‘विल’ आवश्यक आहे, कारण हे कालवाचक क्रियाविशेषणवाक्य नसून ‘ठाऊक नाही’ या क्रियेचे कर्म झालेले नामवाक्य आहे. त्यात भविष्याविषयीचा प्रश्न दडलेला आहे. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘व्हेन’ हा एकच शब्द येत असल्याने मुलांचा गोंधळ होतो. मराठीने मात्र हे दोन अर्थ दोन शब्दांनी वेगळे ठेवले आहेत : एक ‘जेव्हा’, दुसरा ‘केव्हा’. म्हणून मराठी मुलासाठी कसोटी सोपी आहे.

१. मराठीत ‘जेव्हा’ येत असेल, तर इंग्रजी गौणवाक्यात ‘विल’ नको. ‘जेव्हा संत्री पिकतील, तेव्हा ती बाजारात जातील’ : ‘व्हेन द ऑरेंजेस राइपन, दे विल गो टु द मार्केट.’

२. मराठीत ‘केव्हा’ येत असेल, तर ‘विल’ राहू द्यावे. ‘संत्री केव्हा पिकतील ते बाबांना विचार’ : ‘आस्क फादर व्हेन द ऑरेंजेस विल राइपन.’

हीच कसोटी ‘इफ’ या शब्दासही लागू पडते. ‘जर’ असेल तेथे ‘विल’ नको : ‘इफ ही कम्स, आय विल टेल हिम.’ ‘की नाही’ असा अर्थ असेल तेथे ‘विल’ योग्य : ‘तो येईल की नाही हे मला ठाऊक नाही’, म्हणजे ‘आय डू नॉट नो इफ ही विल कम.’ ‘जोपर्यंत’, ‘पूर्वी’, ‘नंतर’ या अर्थाचे इंग्रजी शब्दही ‘जेव्हा’च्याच गटात मोडतात. ‘की’ या अव्ययाबाबत मात्र सावध असावे. ‘तो आला की आपण निघू’ येथे ‘की’च्या ठिकाणी ‘जेव्हा… तेव्हा’ घालता येते. म्हणून ‘विल’ नको. ‘मला वाटते की तो येईल’ येथे तसे करता येत नाही. म्हणून ‘आय थिंक दॅट ही विल कम’ असे लिहावे.

या नियमाला एक अपवाद आहे. ‘इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल हिम’ असे वाक्य वाचनात येते व ते शुद्ध आहे. तेथे ‘विल’चा जुना इच्छादर्शक अर्थ कायम असून ‘आपण थांबण्याची कृपा कराल तर’ असा भाव आहे. प्राथमिक वर्गात हा अपवाद शिकविण्याची निकड नाही. विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकांना उत्तर देता यावे, एवढेच.

वर्गात हा पाठ पुढील क्रमाने घेता येईल. प्रथम गावातील नित्याच्या व्यवहारावर ‘जेव्हा’ आणि ‘केव्हा’ यांची मराठी वाक्ये मुलांकडून तोंडी घ्यावीत. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तेव्हा ‘शाळा केव्हा उघडेल?’ व ‘जेव्हा शाळा उघडेल…’ ही वाक्ये प्रत्येक मुलाला सुचतील. घरच्या बोलीप्रमाणे एखादा ‘पाणी येईन’ म्हणाला, तर या तासाला त्यास अडवू नये. आज लक्ष ‘जे’ आणि ‘के’ यांवर आहे. नंतर वाक्ये फलकावर दोन स्तंभांत लिहून प्रत्येकाचे इंग्रजी करवून घ्यावे. ‘विल’ गाळल्यावर ‘इट रेन’, ‘ही कम’ असे लिहिण्याकडे मुलांचा कल होतो. तृतीयपुरुषी एकवचनी कर्ता असल्यास ‘रेन्स’, ‘कम्स’ हे रूप येते, याची त्याच वेळी आठवण द्यावी.

महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जात आहे. मूल मोठी मिश्रवाक्ये लिहू लागेपर्यंत त्याच्या इंग्रजीच्या अभ्यासाची कित्येक वर्षे झालेली असतात. पण त्याहून अधिक वर्षे ते मराठी बोलत आलेले असते. त्या मराठीला इंग्रजीच्या मार्गातील अडथळा मानू नये. वहीतील ‘विल’खाली तांबडी रेघ ओढण्यापूर्वी शिक्षकांनी विद्यार्थ्याला एवढेच विचारावे : ‘येथे तू जेव्हा म्हणतोस की केव्हा?’ उत्तर देता देता तो आपली चूक आपणच दुरुस्त करील.