चार भाषा बोलणारा विद्यार्थी इंग्रजीत नापास का?

नांदेड जिल्ह्यातील किनवट, देगलूरकडून विद्यापीठात येणाऱ्या आमच्या मुलामुलींकडे पाहा. घरात गोरमाटी किंवा तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तीन भाषा ही मुले सहज बोलतात. पण इंग्रजीत नापास झाली की प्राध्यापक महाशयांचे निदान ठरलेले: 'घरची भाषा आड येते.' हे निदान आम्हांला साफ अमान्य आहे.

मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. तेलुगूतही 'मेमु' आणि 'मनमु' वेगळे. हिंदीत मात्र दोन्हींना एकच 'हम'. हा फरक ज्याच्या जिभेवर रोज खेळतो, त्याला इंग्रजीतला 'वी' परका का वाटावा? प्रत्येक भाषा जगाची वाटणी आपापल्या परीने करते, हे त्याला आधीच ठाऊक असते. एकच भाषा जाणणाऱ्याला ते शिकवावे लागते.

मग घोडे अडते कुठे? बोलणे वेगळे आणि लिहिणे-वाचणे वेगळे, ही खरी मेख आहे. एका भाषेत कमावलेली वाचनाची समज दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते, हे कॅनडाचे भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडले. परदेशातून आलेल्या मुलांना बोलण्यापुरती इंग्रजी सुमारे दोन वर्षांत येते, पण पाठ्यपुस्तकाची इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे लागतात, हेही त्यांनीच दाखवले. आमच्या पोरांनी गोरमाटीत एक पुस्तक पाहिलेले नसते. मराठी वाचन गाईडपाशी थांबलेले असते. समज कमवायलाच दिली नाही, तर ती इंग्रजीत येणार कुठून? त्यात इंग्रजीचा तास म्हणजे धड्याचा मराठी अर्थ आणि उतरवून घेतलेल्या नोट्स! महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण विद्यार्थ्याने इंग्रजीत स्वतःचे एक वाक्य रचल्याशिवाय पदवी पदरात पडते.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वकष्टाने मिळवली, जर्मन आणि पालीचाही अभ्यास केला. १९२० साली 'मूकनायक' मराठीत आणि १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' इंग्रजीत, दोन्ही एकाच लेखणीचे. मराठी त्यांच्या आड आली नाही. वाचनाला त्यांनी खंड पडू दिला नाही, हे महत्त्वाचे.

मातृभाषेचे गोडवे गाऊन आमच्या मुलांना इंग्रजीपासून दूर ठेवणारेही काही कमी नाहीत. त्यांची स्वतःची मुले कुठल्या शाळेत जातात, ते जरा विचारून पाहावे.

आमची मागणी साधी आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी इंग्रजीचा रोज एक जादा तास हवा. त्यात विद्यार्थ्याने आधी गोरमाटीत, तेलुगूत, मराठीत, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत मुद्दा मांडावा आणि मग तोच इंग्रजीत लिहावा. तो कागद प्राध्यापकांनी स्वतः तपासून परत द्यावा. आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांतील वाचनालये रात्री दहापर्यंत उघडी ठेवावीत.