वारली सिंह आणि चेन्नईचा हातकागद

हाताने छापलेल्या आणि हाताने शिवलेल्या पुस्तकांचा संग्रह करणाऱ्याला चेन्नईची दक्षिण किनारपट्टी वगळता येत नाही. शोळिंगनल्लूरहून समुद्राकडे निघाले की ईस्ट कोस्ट रोडवर इंजंबाक्कम लागते. तिथे के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनी १९६६ साली चोळमंडल हे कलाग्राम वसवले आणि बाटिकसारख्या हस्तकलांच्या विक्रीवर ते तगवले. त्याच रस्त्याने उत्तरेला गेल्यावर तिरुवान्मियूरला तारा बुक्स ही प्रकाशनसंस्था आहे. गीता वुल्फ यांनी ती १९९४ साली स्थापन केली. तिची हस्तनिर्मित पुस्तके सी. अरुमुगम आणि त्यांचे सहकारी आपल्या छपाईशाळेत करतात.

मराठी संग्राहकाला या पुस्तकांत दोन विशेष जवळची वाटावीत. पहिले ‘द व्हेरी हंग्री लायन’. तारा बुक्सच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या या पुस्तकाची चित्रे इंद्रप्रमित रॉय यांनी वारली शैलीवरून काढली. हातकागदावर छापलेल्या या पुस्तकाला परदेशी प्रकाशक मिळाला आणि १९९६ साली त्याची कॅनडातली आवृत्ती निघाली. दुसरे पुस्तक २००९ सालचे ‘डू!’. रमेश आणि रसिका हेंगाडी, शांताराम धडपे आणि कुसुम खरपडे या वारली चित्रकारांनी ते स्वतः चितारले. खाकी क्राफ्ट कागदावर पांढऱ्या रंगात छापलेली त्यातली माणसे राबतात, नाचतात, स्वयंपाक करतात. तो कागद सारवलेल्या भिंतीची जागा घेतो. एका पुस्तकात वारली ही शैली आहे, तर दुसऱ्यात चितारणाऱ्यांची नावे आहेत. आदिवासी कलेच्या प्रकाशनात घडलेला हा बदल मोठा आहे. तो नीट दिसण्यासाठी ही दोन्ही पुस्तके संग्रहात शेजारी शेजारी असायला हवीत.

छपाईची रीत साधी, पण वेळखाऊ आहे. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून रबराच्या पट्टीने शाई खाली ढकलली जाते. एका वेळी एकच रंग उमटतो. तो वाळल्याशिवाय दुसरा चढवता येत नाही, म्हणून चार रंगांच्या चित्रासाठी तोच कागद चार वेळा जाळीखाली जातो. हातकागद हवेतला ओलावा शोषून किंचित फुगतो, आणि समुद्राकाठच्या दमट हवेत रंगांची जुळणी राखणे हेच खरे कसब ठरते. संग्राहकाने भिंगातून पाहावे. ऑफसेटच्या चित्रात ठिपके दिसतात. इथे रंगाचा सलग थर दिसतो आणि बोटाला तो जरा उंचही लागतो. कडेला केसभर सरकलेला रंग हा दोष नाही, ती हाताची खूण आहे.

या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध पुस्तक ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ (२००६). भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम आणि रामसिंग उर्वेती या गोंड चित्रकारांची झाडे त्यात काळ्या कागदावर उजळतात. २००८ साली त्याला बोलोन्या रगाझी पुरस्कार मिळाला. जपानी आवृत्तीही चेन्नईतच हाताने छापली जाते. तिच्या प्रतींवर क्रमांक असतो आणि दर मुद्रणाला मुखपृष्ठ बदलते. त्यामुळे आवृत्ती, मुद्रण आणि प्रत क्रमांक यांची नोंद ठेवणे हे संग्राहकाचे पहिले काम. ‘त्सुनामी’ मात्र वेगळ्या जातीचे. जयदेव आणि मोयना चित्रकार यांचा बंगाली पट त्यात घडीच्या रूपात येतो. तो उलगडून सलग वाचायचा असतो.

मराठीत हाताने काढलेल्या प्रकाशनांची वाट वेगळी आहे. ‘शब्द’ हे अनियतकालिक अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी १९५०च्या दशकात सायक्लोस्टाइलवर काढले. पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’ आणि राजा ढाले यांचे ‘येरू’ आले. मराठीबाहेर, बडोद्यात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ काढले. त्यात चित्रकारांचे लिनोकटही असत. मुंबईत बॉम्बे अंडरग्राउंडसारख्या गटांनी झाइनला, म्हणजे स्वतःच काढून वाटलेल्या छोट्या पुस्तिकांना, आज वाचक मिळवून दिले. सायक्लोस्टाइल किंवा फोटोकॉपी करून पिन मारलेली अशी प्रकाशने दिसायला किरकोळ असली, तरी त्यांना चेन्नईच्या पुस्तकांइतकीच निगुतीने जपले पाहिजे. किंबहुना जास्तच, कारण त्यांचे पुनर्मुद्रण सहसा होत नाही.

जपण्याची रीत कागदाप्रमाणे बदलते. सुती हातकागद टिकाऊ असतो. त्याला भीती बुरशीची. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ सर्वांत जोखमीचा. त्या दिवसांत पुस्तके बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नयेत, कपाटात हवा खेळती ठेवावी आणि खालचा कप्पा रिकामा सोडावा. सायक्लोस्टाइलचा स्वस्त कागद मात्र आम्लामुळे आपोआप पिवळा पडून तुटतो. त्यासाठी आम्लमुक्त कागदाचे लिफाफे आणि अंधार हवा. गंजणाऱ्या पिना हलक्या हाताने काढून त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवावा. लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी कधीही वापरू नये, कारण त्याने झालेले नुकसान पुढे भरून काढता येत नाही.