वाचनाने घडविलेला शिक्षक : आचार्य धर्मानंद कोसंबी

शिक्षकाची योग्यता त्याच्या पदव्यांवरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु विद्यापीठाची पदवी नसताना पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविणारे आणि अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ग्रंथसंपादनासाठी पाचारण केलेले आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र पाहिले म्हणजे हा समज टिकत नाही. त्यांना घडविले ते वाचनाने. ते काय वाचत गेले आणि कसे वाचत गेले, हे आपल्या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी, तसेच शिक्षकांनीही समजून घेण्यासारखे आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. कोवळ्या वयातच घरच्या नारळीच्या बागायतीची देखरेख अंगावर आली. तरीही हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचण्याची ओढ त्यांनी सोडली नाही. विशीच्या सुमारास, १८९७ मध्ये, ‘बालबोध’ मासिकात त्यांनी भगवान बुद्धांचे एक छोटेसे चरित्र वाचले. वि. कों. ओक यांनी १८८१ मध्ये मुलांसाठी सुरू केलेले हे मासिक. मुलांचे मासिक म्हणून या संसारी तरुणाने ते बाजूला सारले नाही, आणि त्या थोड्या पानांनी त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे एडविन आर्नोल्ड यांच्या प्रसिद्ध बुद्धचरित्रकाव्यावर आधारलेले एक मराठी पुस्तकही त्यांनी आवडीने वाचले.

येथे सामान्य वाचक थांबला असता. कोसंबींना मात्र प्रश्न पडला, की बुद्धांचा मूळ उपदेश कोठे मिळेल? त्या शोधात १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती. या ज्ञानलालसेचा भार त्यांच्या कुटुंबानेही वाहिला, हे विसरता येत नाही. पुण्यात आणि काशीत त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. काशीत अन्नछत्रातील जेवणावर दिवस काढले. १९०२ मध्ये ते नेपाळला गेले, पण हवे ते तेथे मिळाले नाही. अखेरीस सिंहलद्वीपातील विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगलाचार्यांच्या चरणी त्यांना तिपिटकाचे द्वार उघडले. पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही; सिंहलात ती सिंहली लिपीत, तर ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत लिहितात. म्हणजे ग्रंथ वाचण्यापूर्वी नवी अक्षरेच गिरवावी लागत. बाराखडी शिकणाऱ्या बालकाची ही नम्रता त्यांनी पंचविशीत पत्करली.

कोसंबींच्या वाचनाचा दुसरा विशेष म्हणजे चिकित्सा. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी यांना पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री गुपचूप गृहत्याग केला, ही कथा आपण सारे ऐकत आलो आहोत. कोसंबींनी ती मूळ सुत्तांशी ताडून पाहिली. अरियपरियेसन सुत्तात आईवडील अश्रू ढाळीत असताना गृहत्याग केल्याचे वर्णन आहे. सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात उथळ पाण्यातील मासोळ्यांप्रमाणे तडफडणारी, परस्परांशी भांडणारी माणसे पाहून वैराग्य आल्याचे म्हटले आहे. या आधारे त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात गृहत्यागाचा संबंध शाक्य-कोलियांच्या कलहाशी जोडला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलियांच्या वादालाच महत्त्व दिले. श्रद्धा असूनही तपासून पाहणे, हीच कोसंबींची श्रद्धा होती.

तिसरा विशेष म्हणजे एखाद्या ग्रंथाची दीर्घकाळ केलेली संगत. आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा त्यांचा असा ग्रंथ. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले त्याचे संपादन करण्यासाठी कोसंबी १९१० मध्ये हार्वर्डला गेले. त्या कामासाठी पुढेही त्यांना अमेरिकेच्या वाऱ्या कराव्या लागल्या. १९४० मध्ये त्यांची देवनागरी आवृत्ती निघाली. हार्वर्डची आवृत्ती मात्र १९५० मध्ये, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाली.

असा अभ्यासक परदेशी विद्यापीठातच रमला असता तर नवल नव्हते. कोसंबींनी मात्र महाराष्ट्रात राहून काम करण्याचे ठरविले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘भगवान बुद्ध’ अशी त्यांची पुस्तके मराठी वाचकाला मिळाली. मराठी मासिकातून उचललेले ऋण त्यांनी मराठीतच फेडले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पुस्तकांचे कपाट नसेल. विद्यालयाचे ग्रंथालय हेच आपले पहिले कपाट. तेथील लहानशा पुस्तकालाही कमी लेखू नका. आवडलेली गोष्ट मूळ कोठून आली, हे शिक्षकांना विचारा. एखादा चांगला ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचा. आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, आपण स्वतः वाचत राहिलो, तरच या प्रश्नांना सामोरे जाता येईल. कोणते पान कोणाच्या आयुष्याला वळण देईल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून ग्रंथालयाचे दार मुलांसाठी सदैव उघडे असावे.